५७ ग्रॅम ४०० मिली

आमच्या धंद्यात कुठलीही वस्तू हातात आली की आधी काट्यावर जाते. कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, पेढीवरून सोनं येतं तेव्हा वजन करून वहीत चढवायचं, दागिना झाला की वजन करून उतरवायचं, आणि मधली घट किती ती मालकासमोर मांडायची. आण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला सगळ्यात आधी हे शिकवलं, घडवणं नंतर. त्यामुळे घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मोडक्या पायाचा एक घोयरा, रंग बदलणारा सरडा, आमच्या घरात आला, तेव्हा मी सवयीनं त्याला काट्यावर ठेवलं. ५७ ग्रॅम ४०० मिली. आमच्याकडे मिली म्हणजे मिलिग्रॅम. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहिलं. नावाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना, तो मोकळाच सोडला.

आम्ही राहतो पाचगावला. शेजारचा प्लॉट कित्येक वर्षं पडीक होता. घाणेरी, बोरी आणि कडेनं शेराचं जुनं कुंपण. त्या दिवशी सकाळी जेसीबी आला आणि दोन तासांत सगळं साफ झालं. मी दुकानाला निघालो होतो, तेवढ्यात कामावरच्या माणसांचा गलका ऐकू आला. उपसलेल्या फांद्यांच्या ढिगावर हा प्राणी बसला होता, आणि एकानं खोरं उगारलं होतं. "लांब व्हा दादा, लई विषारी हाय ते."

विषारी नाही. त्याच्याजवळ विष नाही, पळायला वेग नाही, पालीसारखी तोडून टाकायला शेपूटही नाही. घोयऱ्याची शेपूट तुटली तर परत येत नाही. घाबरवण्यापुरतं तो अंग चपटं करतो, गळा फुगवतो, तोंड वासून फुस्स करतो. तेवढंच त्याच्या हातात असतं. तो तेच करत होता. अंग जवळजवळ काळं पडलं होतं आणि मागचा डावा पाय मांडीपासून नुसता लोंबत होता. मी पिशवीतला पंचा टाकून त्याला उचललं. खोरं उगारलेल्या माणसाचा मला राग आला नाही. त्याला लहानपणापासून जे सांगितलं गेलं तेच तो मला सांगत होता, आणि मला वाचवायलाच सांगत होता.

कुंपणावर मान वरखाली करत बसतो तो बागेतला सरडा वेगळा. घोयरा म्हणजे शॅमेलिऑन. जगात त्याच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्करमध्ये. आपल्या देशात मात्र ही एकच. शहराच्या कडेला राहणाऱ्या माझ्यासारख्यानं चाळिशी उलटेपर्यंत तो जवळून पाहिलेला नव्हता, आणि तो मात्र आमच्या भिंतीपासून वीस पावलांवर राहत होता.

पंचा उलगडला आणि मी पहिल्यांदा त्याचे पाय नीट पाहिले. तिथेच माझं मन अडकलं. प्रत्येक पायाला पाच बोटं, पण सुटी नाहीत, दोन जुड्यांत चिकटलेली. पुढच्या पायाला आतून तीन, बाहेरून दोन. मागच्या पायाला बरोबर उलट, आतून दोन, बाहेरून तीन. म्हणजे पाऊल नव्हेच तो, चिमटा. आमच्या खणात असे सात चिमटे आहेत, त्यातला सगळ्यात बारीक आजोबांचा. मोहरीएवढा सोन्याचा गोळा उचलायचा असला की तो घेतो. या प्राण्याला चार चिमटे जन्मतःच मिळालेले आणि पाचवा शेपटीचा. जमिनीवर त्याला नीट चालताही येत नाही. त्याचं सगळं आयुष्य फांदी धरण्यावर चालतं, आणि आता त्यातला एक चिमटा निखळला होता.

१९२६ ही वनविभागाची हेल्पलाइन मला सर्पमित्र असलेल्या मावसभावानं दिली. तो म्हणाला, "आधी फोन कर, मग बाकीचं." ते योग्यच होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या प्राण्याला संरक्षण आहे. पाळता येत नाही, विकता येत नाही. जखमी अवस्थेत हाती आला तरी ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. दुपारपर्यंत वनरक्षक आले, नोंद केली, आणि आम्ही दोघं मिळून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

एक्स-रे पाहून डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. मांडीचं हाड मोडलंय, पण बाहेर आलेलं नाही. ही मादी आहे. नराच्या मागच्या टाचेवर आरीसारखा काटा असतो, तो हिला नाही. आणि तिसरी, एक्स-रेवर बोट ठेवून, "ही गोल गोल सावली दिसतेय ना? अंडी."

त्या एका वाक्यानं सगळंच अवघड झालं. हाड जुळायला कॅल्शियम लागतं, अंड्यांच्या कवचालाही तेच. दोघांचा वाटा एकाच अंगातून जाणार. शिवाय मादी अंडी घालायला झाडावरून खाली उतरते, जमिनीत बीळ खणते. तीन पायांनी ती खणणार कशी? आणि नाही खणलं, अंडी आतच अडकली, तर ती जाते.

डॉक्टरांनी सिरिंजची नळी उभी कापली, आत कापूस घातला, त्यात पाय ठेवून वरून कागदी टेप गुंडाळली. इंजेक्शन दिलं ते पुढच्या अंगाला. मी कारण विचारलं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मागच्या अंगातलं रक्त परतताना मूत्रपिंडातून जातं, त्यामुळे मागे टोचलेलं औषध अंगभर पोचण्याआधीच बाहेर पडायची भीती असते. सगळं करताना त्यांची बोटं इतकी हलकी चालत होती की मला आण्णा आठवले, त्यांची नजर चांगली होती तेव्हाचे.

"तुम्ही सोनारकाम करता ना?" त्यांनी विचारलं. "मग बारीक वस्तू कशी धरायची ते मी तुम्हाला सांगायला नको."

मी मान हलवली. आतून बरंही वाटलं.

"तर हिला धरू नका. अजिबात. औषधाला, वजनाला, तेवढंच."

रोज ने-आण केली तर ताणानंच जाईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. वनरक्षकांनी वरिष्ठांशी बोलून, कागद करून, पाय बरा होईपर्यंत तिला आमच्याकडे ठेवायची परवानगी आणली. पाळायला नव्हे, सांभाळायला. हा शब्दातला फरक त्यांनी दोनदा सांगितला. धाकटीनं नाव ठेवायचा हट्ट धरला तेव्हा तेच म्हणाले, "बाळा, नाव ठेवलं की सोडवत नाही." तेव्हापासून ती आमच्या घरात 'ती' एवढीच होती.

पहिल्या रात्री मी चूक केली. घरात माशांची रिकामी काचपेटी होती, तिच्यात मऊ कापड अंथरलं, पाण्याची वाटी ठेवली आणि तिला आत सोडलं. सगळं घर भोवती गोळा झालं. ती काचेतल्या स्वतःच्या सावलीकडे बघून काळी पडत राहिली, वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळी डोळे खोल गेले होते. फोन केला तेव्हा कळलं की साचलेलं पाणी तिच्या लेखी पाणीच नसतं. पानावरून ओघळणारा थेंब तेवढा तिला दिसतो, तोच ती पिते.

मग दुकानाला सुट्टी टाकून पिंजरा केला. लाकडी चौकट, चारी बाजूंनी मच्छरदाणीची जाळी, आत जास्वंदीची कुंडी, आणि बोटाएवढ्या जाडीच्या आडव्या फांद्या. त्या सगळ्या खाली, वीतभर उंचीवर, म्हणजे पडली तरी फार लागू नये. वर सलाइनची बाटली टांगली आणि नळीचं चाक इतकं आवळलं की दोन सेकंदांनी एक थेंब पानावर पडावा. थेंब पडायचा, पान हलायचं, थेंब टोकाशी येऊन थांबायचा. तासभर काहीच झालं नाही. मग तिचा एक डोळा फिरला.

ते डोळे किती वेळ पाहिले तरी माझं समाधान झालं नाही. पापणी बुबुळावर जवळजवळ शिवल्यासारखी, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आणि सगळा शंकू हवा तिकडे वळणारा. एक डोळा माझ्यावर होता, दुसरा थेंबावर. बराच वेळ दोन्ही आपापल्या कामावर राहिले. शेवटी तिनं तोंड पुढं केलं आणि टोकाशी थांबलेला थेंब ओठांनी उचलला. मग दुसरा. मग वीस मिनिटं ती पीतच होती. आण्णा खुर्चीत बसून बघत होते, त्यांना आकार तेवढा दिसत असणार. त्यांनी विचारलं, "पितीय?" मी म्हणालो, "पितीय." त्यांनी हात जोडले.

त्या दिवसापासून अंगणात राखण करायचं काम आण्णांनी घेतलं. सकाळी आठ ते दहा पिंजरा उन्हात, निम्म्यावर गोणपाटाची सावली. ऊन काचेतून आलं तर उपयोग नाही. ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं ते काचेत अडकतात, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडापर्यंत जात नाही. जाळीतून मात्र येतात. उन्हात जायचं की सावलीत, हे तिचं तिनं ठरवायचं. उन्हाकडची बाजू धरली की तेवढीच कूस गडद करायची, दुसरी फिकी. आण्णा मांजराला आणि कावळ्यांना हुसकत तिथे बसून राहायचे. डोळ्यांनी काम सुटल्यापासून त्यांना कोणी कसली जबाबदारी दिली नव्हती. आम्ही दिली नव्हती, असंच म्हणायला हवं.

सहा दिवस तिनं काही खाल्लं नाही. नाकतोडे आणायला मी आणि धाकटी पहाटे माळावर जायचो. उसाच्या बांधावर मुबलक मिळतात, पण तिथे फवारणी असते, म्हणून माळावरचेच. प्लॅस्टिकच्या डब्यात कॅल्शियमची पूड, त्यात नाकतोडा हलकेच घोळवायचा, आजोबांच्या चिमट्यात धरायचा आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर धरून थांबायचं. हात हलता कामा नये. डाख, म्हणजे दागिन्याचा सांधा जोडायचा धातू, वितळेपर्यंत श्वास रोखायची मला सवय आहे, पण ते काही क्षणांचं काम. इथे दहा दहा मिनिटं. सातव्या दिवशी दोन्ही डोळे एकदम पुढं वळले, एकाच जागी येऊन थांबले. तोंड किंचित उघडलं, आतून जिभेचं गुलाबी टोक दिसलं. आणि मग चिमटा रिकामा होता. मधलं काही मला दिसलंच नाही. फक्त बोटांना एक बारीकसा हिसका जाणवला, मासा गळाला लागल्यावर दोरीला बसतो तसा. तिची जीभ तिच्या अंगापेक्षा लांब आहे.

दुसरी चूकही माझीच. आयते मिळाले म्हणून एकदा रातकिडे सोडले, तिनं दोन खाल्ले, बाकीचे रात्रभर आत राहिले. सकाळी टेपच्या कडेची कातडी कुरतडलेली. ती फांदी सोडून कुठे जाणार होती? त्या जखमेवर औषध लावताना तिनं माझ्याकडे पाहून तोंड वासलं, आणि तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.

नवरात्र ते दिवाळी हा आमच्या कामाचा हंगाम. अंबाबाईच्या देवळात गर्दी, गुजरीत गर्दी, रात्री दहाच्या आत घर नाही. त्या दिवसांत मी एका लग्नाचा साज करत होतो. कोल्हापुरी साजात मासा असतो, कासव असतं, नाग असतो, भुंगासुद्धा असतो. प्रत्येकाचं आपलं एक पान, म्हणजे हारातलं पदक. शेकडो वर्षांत घोयऱ्याला पान द्यावं असं कुणाला वाटलेलं नाही. त्याच्या वाट्याला म्हण आली, ती कुंपणापर्यंत धावायची. आणि शिवी आली, रंग बदलायची. ही शिवी मला आता सहन होत नाही. मी चार महिने तिचे रंग पाहिले. लपायला किंवा फसवायला तिनं एकदाही रंग बदलला नाही. थंडी वाजली की गडद, दुखलं की काळे डाग, रात्री गाढ झोपली की अगदी फिकी, बॅटरीच्या उजेडात कोवळ्या लिंबासारखी. जे आत असेल ते कातडीवर. तिला लपवता येत नाही. २०१५ साली जिनिव्हातल्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर काम करून दाखवलं की हा नुसता रंगद्रव्याचा खेळ नाही. कातडीत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, आणि त्या स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की परतणारा उजेड बदलतो. आयुष्य चकाकीवर गेलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल! अंतर बदललं की रंग बदलतो. मी ते धाकटीला समजावून सांगायचा खूप प्रयत्न केला.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिनं खाणं सोडलं. फांदीवरून सारखी खाली यायला लागली, जाळीच्या कडेनं फिरायला लागली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे मोठी बादली भरून वाळू-माती तयार होती, मुठीत दाबली तर गोळा व्हावा एवढी ओल. काट्यावर ५९ ग्रॅम २०० मिली. तिला बादलीत ठेवलं, भोवतीनं चादर बांधली आणि सगळ्यांना आत पाठवलं.

त्या रात्री मी दुकानातून आलो तेव्हा अंगणातला दिवा बंद होता. आण्णा अंधारात खुर्चीवर बसलेले. मला म्हणाले, "चार वाजल्यापासून आवाज येतोय." मी कान दिला. खरवड, थांब. खरवड, थांब. मातीचे बारीक कण बादलीच्या कडेला लागत होते. चादरीच्या फटीतून पाहिलं तर डोकं आणि पुढचं अंग मातीत गेलेलं, शेपूट बाहेर, आणि टेप लावलेला डावा पाय मागं ताठ, कशालाच न टेकलेला. पुढच्या दोन पायांनी ती माती मागं ढकलायची, उजव्या मागच्या पायानं आणखी मागं. डाव्या पायाच्या वाट्याचं काम शिल्लक राहायचं, माती परत आत घसरायची, ती परत ओढायची. हात घालून तेवढी माती बाजूला सारावी असं इतकं वाटलं की मी हात पाठीमागं बांधले. आण्णांनी ते पाहिलं नसणार, पण म्हणाले, "बस इथं. हात लावू नकोस."

आम्ही बसलो. एक वाजता आवाज थांबला. पहाटे ती मातीवर होती, अंगभर चिखल, पोट खपाटीला, बीळ बुजवून वरून माती दाबून सपाट केलेली. ४३ ग्रॅम ९०० मिली. सलाइनखाली ठेवल्यावर पाऊण तास पाणी प्यायली.

किती अंडी, ते आम्हाला कधीच कळलं नाही. धाकटीला मोजायची होती, खरं तर मलाही. पण अंडी फिरवायची नसतात. कोंबडीचं अंडं चालतं, यांचं नाही. आतला जीव कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो, उलटं झालं तर मरतो. वनरक्षकांनी कात्यायनीच्या डोंगराकडचा एक उतार निवडला होता. तिथे बादलीच्या मापाचा खड्डा काढला, प्लॅस्टिक तळाला आणि बाजूनं कापलं, आणि रोप लावावं तसा मातीचा गड्डा आख्खा आत बसवला. वर काट्या पसरल्या. एवढंच.

पुढचे तीन महिने सांगण्यासारखं फार नाही. नाकतोडे, थेंब, ऊन. दिवाळीनंतर टेप निघाली. पाय वाळून काडी झाला होता आणि बोटं मिटत नव्हती. डॉक्टर दर वेळी एकच विचारायचे, "पकडतेय का?" आणि मी म्हणायचो, टेकवतेय, पकडत नाही. यांची हाडं आपल्यापेक्षा पुष्कळ सावकाश जुळतात, थांबा, म्हणायचे. आण्णा म्हणायचे, डाखलेल्या जागेला घाई चालत नाही.

तिला माझा लळा लागला असं मी लिहिणार नाही. मी जवळ गेलो की ती फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकायची आणि तिथून एक डोळा माझ्यावर ठेवायची, शेवटच्या दिवसापर्यंत. तिला गोंजारून घ्यायचं नव्हतं, माणसं नको होती, तिच्याच जातीचं दुसरं कुणीही नको असतं. जन्मभर हातानं माया करायची सवय असलेल्या मला हे फार जड गेलं. मुलं लहान असताना त्यांना धरलं, आईच्या आजारपणात तिचे पाय चेपले, दागिना धरल्याशिवाय होत नाही. इथे धरलं की तिला त्रास. माझ्याकडून तिला जे हवं होतं ते म्हणजे दोन सेकंदांनी एक थेंब, आणि मी दूर असणं. काही संध्याकाळी मी आण्णांच्या शेजारी नुसता बसून राहायचो. आम्ही दोघं असे बसलेलो नव्हतो, कितीतरी वर्षांत.

जानेवारीत एका सकाळी ती फांदीवरून फांदीवर जात होती, त्यांच्या त्या झुलत्या चालीनं, पुढं-मागं, पुढं-मागं, वाऱ्यानं पान हलावं तशी. डावा पाय पुढं आला, बोटं उघडली, फांदीला लागली. आणि मिटली. घट्ट नाही, पण मिटली.

थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिला त्याच उतारावर नेलं. वनरक्षक, मावसभाऊ, मी आणि धाकटी. बसली होती ती जास्वंदीची फांदी तशीच कापून नेली आणि बोरीच्या झुडपाला टेकवून धरली. पंधरा मिनिटं ती हलली नाही. मग पुढचा एक चिमटा बोरीवर गेला, मग दुसरा, मग उजवा मागचा. डावा मात्र माझ्या फांदीवरच राहिला, ताणलेला. मी श्वास रोखून फांदी धरून होतो. बोटं सुटली, हवेत थोडी चाचपडली, आणि बोरीच्या देठावर बसली. वनरक्षकांनी घड्याळ बघून वेळ लिहून घेतली. ती दोन फांद्या आत गेली आणि थांबली.

"बाबा, दिसत नाही," धाकटी म्हणाली. मी बोटानं दाखवलं. पुन्हा पाहिलं तेव्हा मलाही दिसेना.

घरी आलो तर आण्णा अंगणातच होते, मोकळ्या पिंजऱ्याशेजारी. वही मांडीवर.

"किती भरली?"

"५१ ग्रॅम ८००."

"चढवली तेव्हा ५७ ४००." ते त्यांना पाठ होतं. "म्हणजे पाच ग्रॅम सहाशे कमी. अंडी धरून?"

"अंडी सोडून."

त्यांनी मनात हिशेब केला. "मग घट नाही," म्हणाले, आणि वही माझ्याकडे दिली.